उरलेल्या कॅप्सुलांचा काढा

माझ्या सासरी एकच पितळी पेला घरातल्या सगळ्यांच्या तोंडाला लागतो आणि त्याला माया म्हणतात. मी या घरात सून होऊन आले तेव्हापासून मला त्या पेल्याची किळस आहे, आणि ती मी कधी लपवली नाही. पाणी प्यायचं तर ओंजळ धरते. 'आमच्या मॅडमले आमचं उष्टं चालत नाही,' असं सासरे पाहुण्यांना हसत सांगतात. चालत नाहीच. खोकला आला की तळहात तोंडावर धरायचा, तोच तळहात धोतराला पुसायचा आणि त्याच हातानं पाहुण्याला सुपारी द्यायची, याला मी माया म्हणणार नाही.

मी गोंदियाला शाळेत विज्ञान शिकवते. नवरा आणि मी तिथंच जवळ कुडव्याला राहतो. सासरचं गाव मुर्री. तिथल्या घरी सासरे, माझे भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि मोठी जाऊ असतात. शेत तिथंच, घराच्या पाठीमागून सुरू होतं. भासऱ्यांना एकच मुलगी. ती कॉलेजात असताना आमच्याकडे कुडव्याला राहून शिकली, माझ्या ताटातलं खाल्लं, माझ्याशी भांडली, माझ्या साड्या नेसली. मला मूल नाही. तेव्हा पुतणी म्हणून सांगते, पण ती माझी कोण हे मला माहीत आहे. तिला बालाघाटकडे दिली. मागच्या वर्षी दिवाळीला तिला सातवा महिना होता.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. पाळणे येतात, जिलेबीची दुकानं लागतात, दुपारी दंडार, म्हणजे नाच-नाटकाचा खेळ, उभी राहते. पण मंडई खरी असते घरात. लेकी, जावई, त्यांची पोरं, सोयरे, कोण कुठले लोक येऊन पडतात. तळणीतून सुवाऱ्या आणि बडे निघत राहतात आणि ओसरीवर माणसावर माणूस बसतं. ज्याच्या घरी मंडईला पाहुणा नाही त्याची गावात नाचक्की. त्यामुळे घरात कोणी तापानं फणफणलं तरी 'येऊ नका' असा फोन जात नाही. असा फोन करणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

सासऱ्यांना जुना दमा. पंप ओढतात, आणि श्वास फारच लागला की स्टेरॉईडच्या बारीक गोळ्या खातात. मागच्या वर्षी धान कापणीच्या धुळीत त्यांना ताप चढला. अंग मोडून आलं, खोकल्यानं बरगड्या दुखायला लागल्या. नवऱ्यानं त्यांना गोंदियाला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नाकात काडी घालून तपासणी केली, फ्लू निघाला. वय आणि दमा पाहून त्यांनी कॅप्सुला लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस, मधे बंद करायच्या नाहीत. ऑसेल्टामिविर हे नाव कोणाच्या जिभेला वळत नाही, म्हणून घरात तिला 'स्वाइन फ्लूची गोळी' असंच म्हणतात. 'आणि पूर्ण बरं होईपर्यंत वेगळ्या खोलीत झोपा,' असंही डॉक्टर म्हणाले. हे ऐकून सासरे मान हलवून हो म्हणाले. घरी आल्यावर त्यांची खाट ओसरीवरच राहिली, कारण ओसरीवरून सगळं दिसतं.

ताप उतरला तसं त्यांनी औषध थांबवलं. मी मुर्रीला गेले तर पाकीट कोनाड्यात, देवाच्या बाजूला.

"मामाजी, या संपल्या नाहीत अजून."

"ताप गेला न व बाई. मंग कायले खाऊ?"

"डॉक्टरांनी पूर्ण खायला सांगितल्यात."

"डॉक्टरले का जाते सांगाले. चांगलं औषध हाय, ठेवून देतो. कोणाच्या कामी पडंल."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला, त्यांच्याच भाषेत केला. हाच माणूस धानाच्या बांधीत तणनाशक मारताना मजुराच्या डोक्यावर उभा राहतो. पंपात पाणी जास्त पडलं की त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढतो. 'अर्धं मारशील तं मारूच नोको. नरम कचरा मरते न् चिवट वाचते. मंग सारी बांधी त्याचीच.' मी म्हटलं, मामाजी, तुमच्या छातीत तेच चाललंय. चिवट तेवढा उरेल आणि पाण्यासोबत शेजारच्या बांधीत जावा तसा दुसऱ्याकडे जाईल.

"कचऱ्याची गोष्ट वायली न् माणसाची वायली," ते म्हणाले, आणि ओसरीच्या कडेवरून खाली तंबाखूचा खर्रा थुंकले. थोडा उडून माझ्या चपलेवर पडला.

मी शाळेत हे दरवर्षी शिकवते. फ्लूचा विषाणू स्वतःच्या नकला काढतो आणि फार घाईत काढतो, म्हणून नकलांमध्ये चुका होतात. बहुतेक चुका त्यालाच भोवतात. पण एखादी चूक अशी होते की औषध त्याला जिथं धरतं ती जागाच बदलून जाते. अंगात औषध पुरेसं आणि सलग असलं तर त्याला नकला काढायलाच वाव मिळत नाही. औषध आज आहे, उद्या नाही, परवा परत थोडं, असा पोरखेळ केला, त्यात स्टेरॉईडनं अंगाची लढायची ताकद दाबलेली असली, की साधे मरतात आणि बदललेला मोकळा वाढतो. मग खोकल्यासरशी तो दुसऱ्याच्या घशात जातो. त्या दुसऱ्यानं औषधाला हातही लावलेला नसतो, तरी त्याच्यावर औषध चालत नाही. मला या सगळ्यात हेच घाण वाटतं. मस्ती एकाची, भोग दुसऱ्याला. असे विषाणू लंगडे असतात, फार पसरत नाहीत, असं पूर्वी मानत, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण ते लंगडले नाहीत आणि हंगामभर जगात तेच फिरत राहिले, असंही झालेलं आहे.

मंडई जवळ आली तसा सासऱ्यांना पुन्हा बारीक ताप यायला लागला. त्यांनी कोनाड्यातून एक कॅप्सूल खाल्ली, दुसऱ्या दिवशी आणखी एक. बरं वाटलं, बंद. डॉक्टरांना कोणी विचारलं नाही. मी जावेला म्हटलं, "बाई, लेकीला या वेळी बोलवू नका. पोटुशी आहे." जाऊ कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "पयलं बाळंतपण, न् मंडईले माहेरी नोको बोलावू? लोक का म्हनतीन?" मी पुतणीलाच फोन केला. ती हसली. 'आज्यानं आठ वेळा फोन केला, काकू. येतेच मी. तोंडाला मास्क लावते, बस?'

मंडईच्या सकाळी मी पोचले तर अंगणातल्या चुलीवर पाण्याचा मोठा गंज चढलेला. त्यात अडुळसा, तुळस, आलं, मिरे, गूळ उकळत होतं. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. सासऱ्यांनी बंडीच्या खिशातून ते पाकीट काढलं. एकेक कॅप्सूल दोन बोटांत धरून पिरगळली आणि आतली पांढरी भुकटी गंजात झटकली. त्याच बोटांनी त्यांनी आत्ता खर्रा चोळला होता, आणि बोटं अजून तांबडी होती.

"मामाजी, हे काय करून राहिलात?"

"साऱ्यायच्या पोटात थोडं थोडं जाईल. एकट्यानं खाऊन का करू? पावने येऊन रायले, हवा खराब हाय."

मला वाटत होतं की माणसाच्या मूर्खपणाचा तळ मी पाहिला आहे, कारण मी शाळेत काम करते. हा त्याच्याही खालचा होता. एका माणसाच्या पूर्ण उपचाराचं औषध त्यानं अर्धवट खाल्लं, आणि उरलेलं गावभरच्या पाहुण्यांत असं वाटून टाकलं की कोणालाच ते औषध म्हणून मिळू नये. आणि चेहऱ्यावर समाधान असं, की जणू सदावर्त घातलं.

मग तो पेला आला. सासऱ्यांनी तो गंजात बुडवला, आधी स्वतः घोट घेऊन चव पाहिली, मिशा दुपट्ट्याला पुसल्या, खोकले, आणि पेला परत गंजात बुडवून पहिल्या पाहुण्याच्या हातात दिला. त्यानं पिऊन दुसऱ्याला दिला. पोरांनी तोंड वाकडं केलं तर आयांनी नाक धरून पाजला. पेल्याच्या काठावर मिशांचा, पानाचा, लिपस्टिकचा थर चढत गेला. कोणी म्हणालं, 'बुढ्याच्या हातचा काढा, बिमारी की ऐसी की तैसी.' सगळे हसले. फ्लूनं स्वतः मेजवानी द्यायची ठरवली असती तरी याहून नेटकी देता आली नसती. पेला माझ्यापर्यंत आला तेव्हा मी उठून मागल्या दारी गेले.

पुतणी दुपारी आली. पोट पुढं, पाय सुजलेले, चेहरा तेजाळलेला. मास्क होता, पण हनुवटीवर. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की काढा पिऊ नकोस आणि आजोबांच्या जवळ बसू नकोस. पहिलं तिनं ऐकलं. पेला आला तेव्हा तिनं 'डॉक्टरनी मना केलं' म्हणून परत पाठवला. सासऱ्यांचं तोंड उतरलं.

"काकूनं शिकोलं अशीन," ते म्हणाले.

त्यांचं उतरलेलं तोंड तिला पाहवलं नाही. काढा नाही प्यायली, पण जाऊन त्यांच्याच खाटेवर टेकली. त्यांनी तिला जवळ ओढली, तिच्या कपाळाचा घाम आपल्या दुपट्ट्यानं टिपला. त्याच दुपट्ट्यानं ज्यात सकाळपासून त्यांचा खोकला आणि शेंबूड जमा होत होता. मग आपल्या ताटातला बडा मोडून तिच्या तोंडात घातला. खोकला आला तेव्हा त्यांनी मान वळवली, पण तिच्याच बाजूला. मी समोरून ओरडले, "मामाजी, तिच्या तोंडावर नका खोकलू." भासरे मला म्हणाले, "पाहा बाई, लेकरू आजाजवळ बसलं हाय, तुमी कायले मंडई खराब करून रायल्या?" नवरा माझ्याकडे पाहून नुसता डोळ्यांनी 'जाऊ दे' म्हणाला. माझा नवरा आयुष्यभर डोळ्यांनीच 'जाऊ दे' म्हणत आला आहे.

मंडई आटोपून पाहुणे पांगले आणि फोन यायला लागले. याला ताप, तिला घसा, पोरं शाळेत जात नाहीत. जावेनं औषधाच्या दुकानातून त्याच कॅप्सुला सुट्या आणल्या. दुकानदारानं कात्रीनं कॅप्सुलांचा पत्ता कापून ज्याला जितक्या हव्या तितक्या दिल्या, चिठ्ठी विचारली नाही. कोणी दोन खाल्ल्या, कोणी एक. बहुतेक लोक बरे झाले, कारण फ्लूचे बहुतेक लोक तसेही बरे होतात. आणि श्रेय गेलं काढ्याला.

पुतणी बालाघाटला परत गेलीच नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिला ताप भरला, मग धाप लागायला लागली. पोटुश्या बाईची छाती आधीच वर दाबलेली असते, तिला फ्लू झेपत नाही, म्हणून तिला लस घ्या असं सांगतात. तिच्या सासरी 'कायले टोचता' म्हणून ती घेतलेली नव्हती. गोंदियाच्या दवाखान्यात घशाचा नमुना घेऊन त्याच कॅप्सुला पहिल्याच दिवसापासून वेळच्या वेळी सुरू झाल्या. या वेळी कोणाला मधे हात घालू दिला नाही. मी बाजूला बसून प्रत्येक कॅप्सूल तिच्या घशाखाली उतरताना पाहिली. ताप हलला नाही. डॉक्टरांच्या कपाळावरची आठी रोज खोल होत गेली. तिला ऑक्सिजन लागला, मग गाडीत घालून नागपूरला हलवलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी आधी आजारी होतं का, कोणतं औषध घेतलं, किती दिवस. मी सगळं सांगितलं. गंजाचं सांगताना मला त्यांच्यापुढं घरचं उघडं पाडल्यासारखी लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला. ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, आजोबा स्टेरॉईडवर होते का? मी हो म्हटलं. त्यांनी तिच्या घशातला आणि गोंदियाला आधी घेतलेला, असे दोन्ही नमुने पुढच्या तपासणीला पाठवले आणि औषध बदललं. ते दुसरं औषध सहज मिळेना, नवरा आणि जावई दिवसभर नागपूरभर फिरून घेऊन आले. त्यानं ती वाचली. पण तोवर उशीर झाला होता. ती ऑक्सिजनवर असतानाच कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. काही तास होता. त्याला मी काचेतून पाहिलं. कान अगदी आमच्या घरचे होते. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

तपासणीचा अहवाल बऱ्याच दिवसांनी आला. तोवर ती उठून बसायला लागली होती. डॉक्टरांनी तिला, तिच्या नवऱ्याला आणि आम्हा दोघांना बसवून सांगितलं. तिच्या अंगातल्या विषाणूवर ते पहिलं औषध चालतच नव्हतं. तो बदललेलाच तिच्याकडे आला होता, कारण तिच्यावर औषध सुरू होण्याआधीच्या नमुन्यातही तो तसाच दिसला. कोणापासून आला हे खात्रीनं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. त्यासाठी आजोबांचा त्या वेळचा नमुना हवा होता, आणि तो आता मिळणार नव्हता. 'पण घरात अर्धवट औषध घेणारा, स्टेरॉईडवरचा माणूस असला तर आम्हाला तिकडेच संशय जातो.'

डॉक्टर गेल्यावर पुतणीनं माझा हात धरला. तिच्या हाताला सुयांच्या निळ्या खुणा होत्या.

"काकू, आज्याले नोको सांगजा. तो मरून जाईल."

"तुझं मूल गेलं, पोरी."

"म्हनूनच तं."

मी कबूल केलं. ती तेव्हा इतकी वाळली होती की तिनं काहीही मागितलं असतं तरी मी कबूल केलं असतं.

आणि मग वर्षभर मी ते ऐकलं. जाऊ सांत्वनाला येणाऱ्या बायांना सांगायची, 'साऱ्यायनं काढा पेला, सारे बरे झाले. एकटी माही लेकच नाही पेली, तिच्या काकूनं मना केलं होतं न.' मुर्रीच्या बाया माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावायच्या. एका तेरवीच्या पंगतीत माझ्या बाजूची जागा रिकामीच राहिली. भासऱ्यांनी मला काही म्हटलं नाही, पण बोलणंही कमी केलं. खोटं इतकं सोपं, इतकं हिशेबाला जुळणारं होतं की त्याच्यापुढं खरं किचकट वाटायचं. मी दात आवळून राहिले. मला त्यांचं अज्ञान सहन झालं असतं. त्यांचा तो सुटल्याचा, हात झटकल्याचा चेहरा मला सहन व्हायचा नाही. सासरे मात्र कधी बोलले नाहीत. ते फक्त म्हातारे झाले.

या वर्षी पावसाळा लागता लागता पुतणीला पुन्हा दिवस गेले. ही बातमी कळली तेव्हा मी शाळेच्या स्वच्छतागृहात जाऊन रडले. दिवाळी आली. तिनं मंडईला यायचं ठरवलं, आज्याला भेटायचं म्हणून. मी या वेळी तिला अडवलं नाही, कारण माझ्या अडवण्याला त्या घरात काय किंमत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी शाळेला सुट्टी टाकली आणि मंडईच्या आदल्या दिवशी सकाळीच मुर्रीला जाऊन बसले.

सासरे खोकत होते. फार नाही, पण खोकत होते. घरात कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. ओसरीवर तुळशीची जुडी आणि अडुळशाचा पाला धुऊन पसरलेला, आणि शेजारी एक पाकीट. कोण्या सोयऱ्याच्या घरून उरलेल्या कॅप्सुला मागून आणल्या होत्या. पत्ता अर्धा कापलेला.

"येंदा बनवतो सकाळीच," ते म्हणाले. "येंदा तिले पाजाचाच. गेल्या साली नाही पेली, न् पाहा काय झालं. येंदा मी आपल्या हातानं पाजतो, मॅडम. तुमी मधात येऊ नोका."

ते हे भांडणाच्या सुरात बोलले नाहीत. विनवत होते. त्यांचे डोळे पाणावले होते आणि नाकातून पाणी मिशीवर आलं होतं. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला शिसारी आली, त्या पाकिटाची, त्या मिशीची, त्या भाबड्या तोंडाची. आणि मला दिसलं की उद्या हाच माणूस तिला जवळ ओढणार, हाच दुपट्टा, हाच खोकला, आणि तिच्या पोटात दुसरं.

"मामाजी, ती काढ्यावाचून आजारी पडली नाही."

"मंग?"

मी सांगितलं. औषध अर्धवट सोडलं तेव्हा त्यांच्या छातीत काय वाढलं, ते खाटेवरून तिच्याकडे कसं गेलं, गोंदियाच्या कॅप्सुला का चालल्या नाहीत, अहवालात काय आलं. शाळेत सांगते तसं सावकाश, एकही शब्द अवघड न वापरता. जाऊ दाराशी येऊन उभी राहिली होती, तिच्या हातातलं ताट तसंच होतं.

त्यांनी विचारलं, "म्हंजे माह्यापासून गेला?"

डॉक्टर म्हणाले होते, खात्रीनं सांगता येत नाही. मला ते शब्द आठवत होते. ते शब्द दिले असते तर सासऱ्यांनी ते धरले असते, घरानं धरले असते, आणि सकाळी गंज चुलीवर चढला असता.

"हो," मी म्हटलं. "तुमच्यापासून."

जावेच्या हातातलं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. ती आत गेली आणि तिच्या रडण्याचा आवाज मग संध्याकाळपर्यंत थांबला नाही. सासऱ्यांनी त्या पाल्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. "मले काऊन नाही सांगतलं सालभर?" असं विचारलं.

"तिनंच नोको म्हटलं होतं."

ते काठी घेऊन उठले, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि पाठीमागच्या दारानं शेताकडे निघून गेले. रात्री भासरे त्यांना बोलवायला गेले तर म्हणाले, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यांची राखण करतो, मंडई होऊ द्या. पुंजण्यांची राखण करायला गडी होताच.

दुसऱ्या दिवशी काढा झाला नाही. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा भासरे म्हणाले, बाबूजीची तब्येत बरी नाही. मी प्रत्येकाला वेगळा पेला दिला आणि कोणी हसलं नाही. पुतणी दुपारी आली. ओसरीवरची रिकामी खाट पाहून तिनं चपला काढायच्या आधीच विचारलं.

"आजा कुठी हाय?"

"शेतावर."

"मंडईच्या दिवशी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे.

"सांगतलं न तुमी."

"हो."

ती तशीच मागच्या दारानं निघाली. मी तिच्या मागं गेले, म्हटलं, त्यांना खोकला आहे, जवळ जाऊ नकोस. ती थांबली नाही. पण बांधावर पोचली तेव्हा सासऱ्यांनीच तिला पाहिलं आणि पुंजण्यामागून हात वर करून थांबवलं. मधे एक पूर्ण कापलेली बांधी होती. तिथून ते ओरडून काहीतरी म्हणाले, तिनं ओरडून काहीतरी उत्तर दिलं. मला दोघांचेही शब्द ऐकू आले नाहीत. ऊन उतरेपर्यंत ती बांधावर बसून होती आणि ते पुंजण्याला टेकून. त्यांनी तिला एकदाही अलीकडे येऊ दिलं नाही.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मी फोन करते, ती उचलत नाही. तिला आता सातवा महिना लागला आहे, ताप नाही, खोकला नाही, बाळ चांगलं हलतं, हे मला जावेकडून कळतं.